ओत्मा : चार बहिणींची मिळून एक सही

मोरपंखी :

गेले दोन महिने डोक्यात एकच विषय आहे आणि घरात ऐकायला आता कुणी उरलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय. नवऱ्याने तर काल स्पष्टच सांगितलं, "जेवताना रोमानोव्ह नको." (रोमानोव्ह म्हणजे रशियाचं राजघराणं.)

ओल्गा, तात्याना, मारिया, अनास्तासिया. रशियाचा शेवटचा झार दुसरा निकोलस याच्या मुली. १८९५, १८९७, १८९९, १९०१, दर दोन वर्षांनी एक. चौघींनी आपल्या नावांची पहिली अक्षरं जोडून एक सही तयार केली होती, 'ओत्मा'. एकत्र पत्र लिहिलं किंवा कुणाला काही भेट दिली की खाली ही सही. घरात त्यांचा उल्लेखही जोड्यांनीच व्हायचा, थोरली जोडी आणि धाकटी जोडी. खोल्या दोघींत एक, कपडे सारखे. मोठीला आखूड झालेला फ्रॉक धाकटीला. आपल्याकडे दोन बहिणी असलेल्या घरात जे चालतं तेच, फक्त वडील पृथ्वीवरच्या जमिनीच्या सहाव्या भागाचे मालक.

सुरुवातच निराशेने झाली. झारच्या घरी मुलगी झाली तर तोफांची सलामी १०१, मुलगा झाला तर ३००. गाव तोफा मोजायचं आणि १०१ नंतर शांत झालं की हिरमुसायचं. असं चार वेळा. अनास्तासिया झाली तेव्हा झारचा एक चुलत काका, ग्रँड ड्यूक कॉन्स्तांतिन, याने डायरीत देवाची क्षमाच मागितली आहे, की आनंदाऐवजी आम्हा सगळ्यांना वाईट वाटलं. आणि मग १९०४ च्या ऑगस्टमध्ये अलेक्सेई झाला. सहा आठवडे झाले नसतील तर त्याच्या बेंबीतून रक्त यायला लागलं आणि थांबेना. हिमोफिलिया, रक्त गोठतच नाही असा आजार.

माझं म्हणणं असं आहे, आणि यावर भांडायला तयार आहे, की या मुलींभोवतीचं कुंपण त्यांच्यासाठी नव्हतंच. ते भावाच्या आजाराभोवती होतं आणि या चौघी आत सापडल्या. वारसाचं दुखणं बाहेर फुटता कामा नये, म्हणून माणसं कमी, जाणं-येणं कमी, मैत्रिणी जवळपास नाहीतच. १९०५ नंतर कुटुंब सेंट पीटर्सबर्ग सोडून पंचवीसेक किलोमीटरवरच्या त्सारस्कोये सेलो इथल्या अलेक्झांडर राजवाड्यात कायमचं राहायला गेलं. मग जग म्हणजे बाग, तळं, ट्यूटर आणि रविवार. रविवारी आत्या, म्हणजे निकोलसची धाकटी बहीण ओल्गा, त्यांना शहरात घेऊन जायची. आधी आजीकडे अनिचकोव्ह राजवाड्यात जेवण (तिथे सगळ्या अवघडून बसायच्या), मग आत्याच्या घरी चहा, खेळ, नाच, चार तरुण मंडळी. आठवड्याचा सगळा मोकळेपणा त्या एका दुपारी.

"राजकन्या" म्हटल्यावर मऊ गाद्या डोळ्यांसमोर येतात ना? या मुली लष्करी कॅम्पमधल्या दुमडत्या खाटांवर झोपायच्या. उशी नाही. सकाळी थंड पाण्याची अंघोळ, संध्याकाळी गरम. नोकरमाणसं "महाराणीसाहेब" वगैरे न म्हणता "ओल्गा निकोलायेव्ना" अशी नाव आणि वडिलांचं नाव घेऊन हाक मारायची. एका समितीच्या बैठकीत आईच्या मानकरीण बाईंनी तात्यानाला रीतसर पदवी लावून संबोधलं, तर तिने टेबलाखालून त्यांना लाथ मारली आणि कुजबुजली, "वेड लागलंय का, माझ्याशी असं बोलायला?"

म्हणजे साधेपणा होता, लाड कमी होते, फक्त बाहेरचं जग नव्हतं. लहानग्या ओल्गाला आयरिश दाई मार्गारेटा ईगर आजोळी, जर्मनीत डार्मश्टाटच्या खेळण्यांच्या दुकानात घेऊन गेली आणि म्हणाली, घे हवं ते. ओल्गाने शोधून शोधून सगळ्यात छोटं खेळणं घेतलं. का? तर ही सुंदर खेळणी दुसऱ्या कुठल्या तरी मुलीची असणार, ती घरी परत आली आणि ती गेलेली दिसली तर तिला किती वाईट वाटेल! दुकान म्हणजे काय हेच माहीत नाही. आणि १९०९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दौऱ्यात, आइल ऑफ वाइटवर, थोरल्या दोघी काउझच्या बाजारात पायी फिरल्या, स्वतःच्या हाताने पोस्टकार्डं घेतली. ओल्गा तेव्हा तेरा वर्षांची. मागे बघ्यांची गर्दी, तरी दोघी हरखून गेलेल्या.

सगळ्यात लागलं ते चिठ्ठ्यांचं. आई अलेक्झांड्रा सतत आजारी, पाठ, पाय, हृदय, आणि उरलेला वेळ मुलाच्या उशाशी. मुली वरच्या मजल्यावर, आई खाली. मग मुली आईला चिठ्ठ्या पाठवायच्या आणि आई उत्तर द्यायची, इंग्रजीत. एकाच छपराखाली. मधली मारिया साधारण दहा वर्षांची असताना तिला वाटायला लागलं की आपण कुणालाच नको आहोत. आईने तिची समजूत काढली तीही पत्राने. जिना उतरून गेलं की आई होती हो.

तुम्हाला काय वाटतं? अजून बरंच आहे, पण आधी कुणी वाचतंय का बघते.

अळूवडी :

वाचतेय, वाचतेय. ती चिठ्ठ्यांची गोष्ट घशात अडकली. एक प्रश्न, यांच्या लग्नांचं काय? त्या काळात सोळा-सतराव्या वर्षी राजघराण्यांत हालचाल सुरू व्हायची ना?

डोंगरवाट :

छान लिहिलंय, पण मूळ मुद्दा पटला नाही. कुंपण निव्वळ हिमोफिलियासाठी होतं असं म्हणणं म्हणजे रशियात तेव्हा काय चाललं होतं हे विसरणं. या मुलींचे पणजोबा दुसरा अलेक्झांडर १८८१ मध्ये राजधानीच्या रस्त्यात बॉम्बने मारले गेले. १९०५ च्या फेब्रुवारीत मॉस्कोत सेर्गेई, निकोलसचा काका आणि शिवाय अलेक्झांड्राच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, बॉम्बनेच. आणि सप्टेंबर १९११ मध्ये किएव्हच्या ऑपेरात मध्यंतरात पंतप्रधान स्तोलिपिनला गोळ्या घातल्या, तेव्हा ओल्गा आणि तात्याना थिएटरमध्येच होत्या. निकोलसने आपल्या आईला पत्रात लिहिलंय की तात्याना खूप रडली आणि दोघींनाही नीट झोप लागली नाही. असल्या देशात मी बाप असतो तर मीही मुलींना बागेतच ठेवलं असतं.

दुसरं, वारसाहक्काचा कायदा. पहिल्या पॉलने १७९७ मध्ये जो कायदा केला त्यात घराण्यात एकही पुरुष वारस शिल्लक असेपर्यंत बाईला गादी नाही. कॅथरीन द ग्रेट ही पॉलची आई, तिच्यावरचा राग त्याने असा काढला म्हणतात. त्यामुळे चार मुली असल्या काय आणि दहा असल्या काय.

(अवांतर : 'ग्रँड डचेस' हे इंग्रजांनी केलेलं भाषांतर. मूळ रशियन 'वेलिकाया क्न्याझ्ना', म्हणजे थोर राजकन्या. साध्या राजकन्येपेक्षा वरचा मान.)

मोरपंखी :

डोंगरवाट, स्तोलिपिनचा मुद्दा मान्य. दोन्ही गोष्टी होत्या. पण बॉम्बच्या भीतीपोटी पहारे वाढतात, मैत्रिणी बंद होत नाहीत. युरोपातल्या सगळ्याच राजांवर हल्ले होत होते. आजाराचं गुपित मात्र असं होतं की पोरींनाही ते जपायला शिकवलं होतं. धाकटा भाऊ का चालत नाही, खलाशी त्याला उचलून का नेतोय, यावर बाहेर चकार शब्द नाही.

अळूवडी, लग्नाचं सांगते. १९१४ च्या जूनमध्ये, म्हणजे महायुद्धाच्या जेमतेम दीड महिना आधी, सगळं कुटुंब 'श्टांडार्ट' जहाजातून रोमेनियात कॉन्स्टान्झाला एका दिवसाच्या भेटीवर गेलं. तिथला राजपुत्र कॅरॉल आणि ओल्गा, असं मोठ्यांच्या मनात. ओल्गाने फ्रेंचचे स्विस शिक्षक पिएर जिलियार यांच्याकडून हेतू काढून घेतला आणि म्हणाली, मला रशिया सोडायचा नाही, मी रशियन आहे आणि रशियनच राहणार. आईवडिलांनी जबरदस्ती केली नाही. तो नकार वाचताना आपल्याला पुढचं माहीत असतं, तिला नव्हतं.

तिचं मन त्याआधी एकदा गुंतलं होतं. त्याच जहाजावरचा तरुण अधिकारी पावेल वोरोनोव्ह. डायरीत ती त्याचं नाव लिहीत नाही, 'एस' लिहिते. हे जमण्यातलं नव्हतंच. १९१४ च्या फेब्रुवारीत त्याचं लग्न दुसऱ्या एका मुलीशी झालं आणि झारचं कुटुंब त्या लग्नाला हजर होतं. वधूचं नावही ओल्गाच.

अळूवडी :

अरे देवा. लग्नाला नेलं तिला??

(तो कॅरॉल पुढे चारच वर्षांत पळून जाऊन लग्न करून मोकळा झाला, आत्ताच शोधलं. नवरदेव तसाही धड नव्हता.)

फटकळ मावशी :

सगळ्यांचे डोळे भरून आले असतील तर दोन शब्द बोलू का?

१८९६ मध्ये यांच्या बापाच्या राज्याभिषेकाला मॉस्कोत खोदिन्का मैदानावर मोफत मग, पाव आणि मिठाई वाटत होते. चेंगराचेंगरीत तेराशेच्या वर माणसं मेली. त्याच रात्री झार-झारीण फ्रेंच राजदूताच्या बॉलला, म्हणजे नाचाच्या मेजवानीला, गेले. १९०५ च्या जानेवारीत कामगार अर्ज घेऊन, देवाच्या तसबिरी घेऊन हिवाळी राजवाड्यावर चालून नव्हे, चालत आले, त्यांच्यावर गोळीबार. त्या कामगारांनाही मुली होत्या. त्यांच्या उशीबद्दल कुणी धागा काढत नाही, कारण त्यांचे कोडॅकवर काढलेले अल्बम नाहीत.

आणि ते "दुकान माहीत नव्हतं" यात गोड काय आहे? ज्यांच्या कष्टावर घर चालतं ते लोक कसे जगतात हे पोरींना कळूच दिलं नाही. माझ्या मते तोच मोठा गुन्हा, आणि तो आईबापांचा.

मोरपंखी :

मावशी, मला हेच म्हणायचं होतं, मला तुमच्यासारखं ठणकावता आलं नाही. मुली निरागस होत्या म्हणजे राज्य निरागस होतं असं नाही. एवढंच की त्या पोरींना जेव्हा जेव्हा फट दिसली तेव्हा त्यांनी बाहेर बघितलं. ओल्गाने गाडीतून जाताना कुबड्या घेतलेलं एक मूल पाहिलं होतं. विसाव्या वर्षी स्वतःच्या पैशांवर थोडा ताबा आल्यावर तिने आधी त्याच्या उपचारांची सोय केली.

आणि अल्बमचं अगदी खरं. आपण यांना ओळखतो ते फोटोंमुळे. अनास्तासियाचा १९१४ चा एक फोटो आहे, खुर्चीवर छोटा डबा कॅमेरा टेकवून, आरशात बघून स्वतःचाच काढलेला. तेरा वर्षांची. बापाला लिहिते, फार अवघड गेलं, हात थरथरत होते.

निळी शाई :

मी निवृत्त परिचारिका आहे, म्हणून या विषयावरचा माझा आवडता भाग मीच लिहिते. युद्ध सुरू झाल्यावर आई आणि थोरल्या दोघींनी रीतसर नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि १९१४ च्या नोव्हेंबरात परीक्षा देऊन दाखला मिळवला. शिकवणाऱ्या होत्या डॉ. वेरा गेद्रोइत्स. स्वतः सरदार घराण्यातल्या आणि रशियातल्या पहिल्या स्त्री सर्जनांपैकी एक. फोटोपुरतं हात लावणं नव्हतं ते. उपकरणं उकळणं, ड्रेसिंगचं सामान तयार करणं, पू झालेल्या जखमा धुणं, ऑपरेशनच्या वेळी हातात हत्यारं देणं, कापलेले अवयव उचलून नेणं.

माझा ऑपरेशन थिएटरमधला पहिला दिवस आठवला. मी भिंतीला टेकून हळूच खाली बसले होते, तेव्हाच्या आमच्या सिस्टरने नुसतं बघून "बाहेर जा, पाणी पी, परत ये" म्हटलं. मी घरून बसने आलेली मुलगी, बाहेरचं जग बघितलेली. या तर बागेतून थेट थिएटरमध्ये. तात्यानाला ते जमलं, अगदी उत्तम जमलं, डॉक्टर तिच्यावर विसंबायचे. ओल्गाच्या मनाला झेपलं नाही. १९१५ च्या शरदात तिला थिएटरमधून काढून वॉर्डातली हलकी कामं दिली. यात कमीपणा काही नाही, प्रत्येक बॅचमध्ये एखादी ओल्गा असतेच.

पण एक बघा, त्यांच्या त्या वर्षांच्या डायऱ्यांत जो जिवंतपणा आहे तो आधी नाही. कोण पेशंट आला, कुणाचा ताप उतरला, कोण पियानोवर काय वाजवत होतं. इतकी सगळी परकी माणसं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होती. तात्यानाला मालामा नावाच्या जखमी अधिकाऱ्याने फ्रेंच बुलडॉगचं पिल्लू दिलं, ऑर्तिपो.

डोंगरवाट :

आणि धाकट्या दोघी वयाने लहान म्हणून नर्स होऊ शकल्या नाहीत, त्या सैनिकांशी सोंगट्या खेळायच्या, पत्रं लिहून द्यायच्या. १९१६ च्या उन्हाळ्यात तिथे एका अर्दलीने राजकन्यांसमोर कविता वाचली, तो अर्दली म्हणजे कवी सेर्गेई येसेनिन. वीस वर्षांचा पोरगा.

भटकभवानी :

मी २०२२ च्या आधीच जाऊन आले, म्हणून सांगते. पीटर्सबर्गच्या वितेब्स्की स्टेशनवरून लोकल पकडायची, अर्ध्या तासात गाव. आता गावाचं नाव पुश्किन. अलेक्झांडर राजवाड्यातल्या झार-झारीणीच्या खोल्या २०२१ मध्ये नव्याने सजवून उघडल्या. आईचा तो प्रसिद्ध जांभळट दिवाणखाना बघितला. मी राजवाडा म्हणून गेले होते आणि निघाले ते "फर्निचर जरा जास्तच झालंय" असं म्हणत. शेजारच्या कॅथरीन राजवाड्यात सोन्याचा लखलखाट, इथे घर. दोन्ही राजवाड्यांमधलं अंतर पायी पाच-सात मिनिटं, पण डोकं वेगळंच.

खोडरबर :

अनास्तासिया वाचली होती ना? लहानपणी एका साप्ताहिकात वाचल्याचं आठवतंय.

डोंगरवाट :

नाही हो. १९२० मध्ये बर्लिनमध्ये सापडलेली बाई, पुढे अॅना अँडरसन, आयुष्यभर तो दावा करत राहिली. १९८४ मध्ये गेली. १९९४ च्या डीएनए चाचणीत रोमानोव्हांशी काहीही संबंध निघाला नाही. झार-झारीण आणि तीन मुलींचे अवशेष १९९१ मध्ये उकरले, अलेक्सेई आणि उरलेल्या बहिणीचे २००७ मध्ये सापडले. १९१८ च्या जुलैत सगळ्या कुटुंबाला गोळ्या घातल्या, पाचही मुलं त्याच रात्री गेली.

घारापुरी :

आपल्याकडचे दोन धागे जोडतो. एक, निकोलस युवराज असताना डिसेंबर १८९० मध्ये जहाजाने मुंबईला उतरला होता. धाकटा भाऊ गेओर्गी बरोबर होता, तो आजारी पडला आणि मुंबईहूनच परत फिरला.

दुसरा, आपले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन. त्यांची आई आणि झारीण सख्ख्या बहिणी, म्हणजे ओत्मा त्यांच्या मावसबहिणी. लहानपणी त्यांना मारिया इतकी आवडायची की लग्न करीन तर हिच्याशीच असं ठरवलं होतं. तिचा फोटो १९७९ मध्ये मरेपर्यंत त्यांच्या पलंगाशेजारी होता.

अळूवडी :

मारियाला वाटत होतं आपण कुणालाच नको आहोत!

मोरपंखी :

शेवटचा भाग लिहायचं टाळत होते.

१९१७ च्या मार्चमध्ये क्रांती होऊन राज्य गेलं तेव्हा पोरी गोवराने फणफणल्या होत्या. केस गळायला लागले म्हणून चौघींचे मुंडण केले. जिलियार फोटो काढायला उभे राहिले तर क्लिक व्हायच्या क्षणी चौघींनी एकदम टोप्या काढल्या. तो फोटो आहे, पाच तुळतुळीत डोकी, भावाने पण काढले होते. ऑगस्टमध्ये सैबेरियात तोबोल्स्कला रवानगी. त्या दुमडत्या खाटा बरोबर गेल्या.

आता शिवणकाम. आई प्रत्येकीला दर वाढदिवसाला एक मोती आणि एक हिरा द्यायची, की मोठी होईपर्यंत हार तयार होईल. १९११ च्या नोव्हेंबरात क्रिमियात लिवादियाला ओल्गाच्या सोळाव्या वाढदिवसाचा बॉल झाला, तेव्हा ती गुलाबी झग्यात, पहिल्यांदा केस वर बांधून, गळ्यात हार घालून उतरली होती. १९१८ च्या वसंतात आईवडील आणि मारियाला आधी येकातेरिनबर्गला हलवलं. मागे राहिलेल्यांना तिथून निरोप आला, "औषधांची" व्यवस्था ठरल्याप्रमाणे करा. औषधं म्हणजे दागिने. मग दाईच्या मदतीने जाड कापडाच्या दोन-दोन चोळ्या, मध्ये कापूस लावून खडे, आणि वरून शिवण. कोटाची बटणं काढून त्या जागी खडे ठेवून वरून रेशमी कापड मढवलं. बटणच वाटावं असं. हे काम बारीक असतं, मी आईला बटणं मढवताना बघितलंय, सुरकुती पडली की उसवून पुन्हा.

येकातेरिनबर्गला इपातिएव्ह यांच्या घरात ७८ दिवस कैदेत. खिडक्यांच्या काचांना चुना फासलेला, बाहेरचं काही दिसू नये म्हणून. पाव करायला खारितोनोव्ह आचाऱ्याकडून शिकल्या, कपडे धुवायला शिकल्या. १५ जुलैला गावातल्या चार बायका फरशी पुसायला आणल्या होत्या. पहारेकऱ्यांनी बोलायला बंदी केलेली. मुली आपणहून उठल्या आणि बायकांना पलंग सरकवायला मदत करायला लागल्या, हसत-खिदळत. १६ च्या मध्यरात्रीनंतर बोल्शेविकांनी सगळ्यांना उठवून तळघरात नेलं. सात जणांचं कुटुंब आणि डॉक्टर बोत्किन, आचारी, नोकर, मोलकरीण, मिळून अकरा. ओल्गा २२, तात्याना २१, मारिया १९, अनास्तासिया १७. खड्यांवर गोळ्या आपटून उडाल्या, त्यामुळे मुलींना मरायला वेळ लागला. यापेक्षा जास्त नाही लिहीत.

फटकळ मावशी :

त्या पुसणाऱ्या बायकांचं मला माहीत नव्हतं.

निळी शाई :

मोरपंखी, ऑर्तिपोचं काय झालं मग? कुत्रे पण गेले होते ना बरोबर?

मोरपंखी :

तीन होते. अनास्तासियाचा जिमी त्यांच्याबरोबरच मारला गेला. अलेक्सेईचा स्पॅनियल जॉय मात्र वाचला. एका पहारेकऱ्याने त्याला घरी नेला होता. पुढे कर्नल रोद्झ्यांको यांना तो सापडला, त्यांनी त्याला इंग्लंडला नेलं, आणि तो विंडसरजवळ म्हातारा होऊन गेला.

ऑर्तिपोचं अजून शोधतेय. नवरा विचारतोय, जेवायला वाढू का.